कोरी कॅसेट तुमची, गोष्ट आमची

दत्तमंदिर रोडला, सायकलच्या दुकानाला चिकटून
साडेसहा फूट रुंद ‘निनाद रेकॉर्डिंग’.
पुठ्ठ्यावर स्केचपेननं : साठची बारा रुपये, नव्वदची सोळा.
कोरी आणलीत तर सहाच.
गोष्टीचे पैसे नाहीत.

प्रेसचा भोंगा झाला की गायधनी यायचे.
दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून
चिरा पडलेली बोटं
रेकॉर्डच्या कडेला अशी लावायचे
की ताप बघतायत.
रेकॉर्डी सगळ्या देवळाली कॅम्पातल्या,
बदली झालेल्या कुणा मेजरच्या लिलावातल्या,
नाहीतर सॅनेटोरियममध्ये हवा खायला येऊन
परत न गेलेल्या कुणा पारशिणीच्या.
कव्हरवर लांब केसांची, खप्पड गालांची चार पोरं.
आत ती जे काय ओरडायची
त्यातलं आम्हाला अक्षर कळायचं नाही.

“कळायचंय काय त्यात,” गायधनी म्हणायचे.
“ऐक. हा गडी आहे ना, याचा धाकटा
रात्रीच्या पॅसेंजरनं येणार होता.
हा आपला बाकावर. थर्मासमध्ये चहा.
गाडी आली. गेली.
आता बघ, इथून गिटार सुरू.”
आणि खरंच इथून गिटार सुरू व्हायची,
कसाऱ्याला मागून लावलेल्या इंजिनासारखी
ढकलत, धापा टाकत, बोगद्यातून बोगद्यात,
आणि इगतपुरीला एकदम सुटी.

दुसरं एक गाणं पुराचं होतं.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी,
सराफ बाजारात होडी,
गच्चीवरून एक बाई हाका मारतेय,
वाहून जाणाऱ्याला नाही,
उलट पोहत येणाऱ्याला.
“ड्रम ऐकतेस ना? ते पाणी जिना चढतंय.”
मी सतरा वर्षांची. मला पायऱ्या मोजता यायच्या.
घरी आई म्हणायची, बारीक कर,
बाबा रात्रपाळी करून झोपलेत.
मी बारीक आवाजात पूर ऐकायचे.

पुढं मी इंग्रजीच शिकवू लागले.
शब्द कळले. शब्दांत फारसं काही नव्हतं :
बेबी, रस्ता, पुन्हा बेबी.
पूर कुठंच नव्हता.
आणि त्या बाकावरच्या गाण्याबद्दल
गाणाऱ्यानंच एका मुलाखतीत सांगून टाकलं होतं,
ते त्याच्या कुत्र्यावर आहे.
हरवलेल्या. पांढरा, एका कानावर काळा ठिपका.

गायधनींना भाऊ होता
हे मला बाबांनी सांगितलं, फार उशिरा,
वरणभातावर लिंबू पिळता पिळता.
कॅम्पात नाताळच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा म्हणे.
मुंबईला कुणाला तरी वाजवून दाखवायला गेला.
“मग?”
बाबांनी लिंबाची बी काढून
ताटाच्या कडेला ठेवली.

आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात,
गायधनी जेल रोडला, मुलीकडं.
डावा कान गेलाय. मी उजवीकडं बसले
आणि सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक.
मास्तरणीची खोड, चूक दिसली की खूण करायची.

“कुत्र्याचं?”
खोकला लागेपर्यंत हसले.
मुलगी पाणी घेऊन धावत आली.
“अगं, मग तर काय चुकलं?
बाकाखाली कुत्रं असतंच की.”
मग बराच वेळ
गुडघ्यावर दोन बोटं वाजवत राहिले,
कुठल्या गाण्याची ते मला ओळखू आलं नाही.

निघताना चपला शोधत होते,
तेव्हा आतून विचारलं,
“सापडलं का गं ते त्याला?”

मी तिथवर वाचलंच नव्हतं.